झाड, आग, माती, धातू, पाणी: चिनी पाच तत्त्वांतून नातं कसं वाचावं

माझी आई मला दिवसातून तीनदा फोन करायची. जेवलीस का, किती वाजता निघालीस, आवाज असा का येतोय. तिची माया खरी होती आणि माझं गुदमरणंही खरं होतं. मी उत्तरं तोकडी करत गेले, ती प्रश्न वाढवत गेली. भांडण म्हणावं असं काही नव्हतं, म्हणूनच ते मिटवताही येत नव्हतं.

त्या काळात मी चिनी ज्योतिषाच्या जुन्या परंपरेतली एक ओळ वाचली. तिचा आशय असा: धातूला माती जन्म देते, पण माती फार झाली की धातू पुरला जातो. मी बराच वेळ त्या ओळीपाशी थांबले. आमच्या दोघींत कोणीच वाईट नव्हतं. जे पोषण होतं, तेच प्रमाणाबाहेर गेलं होतं.

तेव्हापासून मी नात्यांचा विचार या पाच तत्त्वांच्या भाषेत करत आले आहे. या भाषेला प्रयोगशाळेतला पुरावा नाही आणि मी तिला विज्ञान म्हणून सांगतही नाही. पण दोन माणसांमध्ये काय चाललंय ते दोष न देता पाहायला ती फार उपयोगी पडते. ती कशी वापरायची ते इथे क्रमाने सांगते. हाताशी एक वही घ्या आणि एकच नातं निवडा. सगळं घर एकदम तपासायला घेतलंत तर काहीच हाती लागणार नाही.

पहिली पायरी: 'तत्त्व' हा शब्द जरा बाजूला ठेवा

चिनी भाषेत या पाचांना 'वूशिंग' म्हणतात. 'वू' म्हणजे पाच आणि 'शिंग' म्हणजे चालणं, वाटचाल. म्हणजे या पाच वस्तू नाहीत, पाच चाली आहेत. आपल्याकडे पंचमहाभूतं माहीत असल्यामुळे इथे हमखास गोंधळ होतो. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही जग कशाचं बनलंय याचं उत्तर देतात. वूशिंगमध्ये वायूही नाही आणि आकाशही नाही. तिथे झाड आणि धातू आहेत. जग बदलतं कसं, एकातून दुसरं निघतं कसं आणि एक दुसऱ्याला आवरतं कसं, हा त्यांचा प्रश्न आहे. तेव्हा दोन्ही एका कोष्टकात बसवायचा मोह टाळा.

'लाकूड' असं भाषांतर अनेक ठिकाणी दिसतं, पण मला ते पटत नाही. लाकूड म्हटलं की तोडलेला ओंडका डोळ्यांसमोर येतो. मूळ चिनी अक्षर हे उभ्या झाडाचं चित्र आहे, मुळांसकट. म्हणून मी 'झाड'च म्हणते.

'शुजिंग' या प्राचीन ग्रंथातल्या 'होंगफान' प्रकरणात पाचांचं वर्णन क्रियापदांनी केलंय. पाणी भिजवतं आणि खाली उतरतं. आग जळते आणि वर जाते. झाड वाकतं आणि सरळ होतं. धातू सांगाल तसा आकार बदलतो. माती पेरणी घेते आणि पीक देते. ही क्रियापदं पाठ करा, कारण पुढचं सगळं त्यांवर उभं आहे. नात्यात त्यांचा अर्थ साधारण असा लागतो.

झाड म्हणजे वाढू पाहणं. योजना, धडपड, 'आपण हे करून बघू' म्हणणारा आवाज. वाट अडली की त्याचा राग होतो. आग म्हणजे व्यक्त होणं: हसणं, कौतुक, ओढ, चारचौघांत उजळून निघणं. माती म्हणजे सांभाळणं. जेवण, डबा, आजारपणातली जाग, विश्वास. तिची विकृती म्हणजे काळजीचं दळण, तेच ते विचार पुन्हापुन्हा. धातू म्हणजे छाटणं आणि घासणं: नियम, मर्यादा, नेमकेपणा, बरंवाईट स्पष्ट सांगणं. दुःखाची, निरोपाची जागाही धातूचीच. पाणी म्हणजे खोल उतरणं, ऐकणं, गप्प राहणं, साठवणं, शहाणपण. आणि भीती.

प्रत्येक माणसात हे पाचही असतात. 'मी आग आहे, तो पाणी आहे, म्हणून आमचं जमत नाही' हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं. दोन माणसांच्या अंगावर चिठ्ठ्या चिकटवून विषय संपवला जातो. आज सकाळी तुमच्या दोघांमध्ये कोणती चाल चालू होती, हे विचारलं तर काही उमगेल.

दुसरी पायरी: दोन चक्रं हातावर मोजून शिका

पहिलं चक्र 'शंग', म्हणजे जन्म देण्याचं. झाडातून आग, आगीतून राख म्हणजे माती, मातीच्या पोटातून धातू, धातूतून पाणी, पाण्यातून झाड. धातूतून पाणी कसं, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. धातू वितळला की पाण्यासारखा वाहतो, आणि गार धातूवर दवाचे थेंब जमतात, अशी दोन स्पष्टीकरणं दिली जातात. थंडीत पहाटे उघड्यावर राहिलेल्या पितळी तांब्यावर हात फिरवला तर दुसरं लगेच पटेल.

दुसरं चक्र 'ख', म्हणजे आवर घालण्याचं. झाडाची मुळं मातीला धरून ठेवतात, माती पाण्याला बांध घालते, पाणी आग विझवतं, आग धातू वितळवते, धातूची कुऱ्हाड झाड छाटते.

डाव्या हाताची पाच बोटं घ्या. अंगठा झाड, मग क्रमाने आग, माती, धातू, करंगळी पाणी. शेजारच्या बोटाला जन्म दिला जातो, एक बोट सोडून पुढच्याला आवरलं जातं. करंगळीनंतर पुन्हा अंगठा. दोन दिवसांत हे डोक्यात बसतं.

नात्यांशी या चक्राचा संबंध आपण आज जोडतोय असं नाही. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात हान काळातल्या तुंग चुंगशू या विचारवंताने जन्म देणाऱ्या तत्त्वाला बाप आणि जन्मणाऱ्याला मुलगा म्हटलं होतं. मिंग राजघराण्याने तर ते थेट नावांत उतरवलं. युंगलो सम्राटाच्या नावातल्या अक्षरात झाडाची खूण आहे. त्याच्या मुलाच्या नावात आगीची, नातवाच्या मातीची, पणतूच्या धातूची, खापरपणतूच्या पाण्याची. आणि त्याच्या मुलाच्या नावात पुन्हा झाडाची. कोरियातही अनेक घराण्यांत पिढीची नावं याच क्रमाने ठेवायची पद्धत आहे. प्रत्येक पिढी पुढच्या पिढीला खतपाणी घालते, हे नावातच लिहून ठेवलेलं.

आवर घालण्याचं चक्र वाईट आणि जन्म देण्याचं चांगलं, असं मात्र धरू नका. बांध नसलेलं पाणी गाव बुडवतं. जिथे कोणीच कोणाला 'नाही' म्हणत नाही ते घर मला जास्त काळजीचं वाटतं.

जन्मवर्षाचं काय?

हे विचारलं जातंच, म्हणून थोडक्यात सांगते. चिनी पंचांगातलं वर्षाचं तत्त्व इंग्रजी सनाच्या शेवटच्या अंकावरून काढता येतं. ४ किंवा ५ असेल तर झाड, ६ किंवा ७ आग, ८ किंवा ९ माती, ० किंवा १ धातू, २ किंवा ३ पाणी. चिनी नवं वर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान सुरू होतं, तेव्हा वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांनी तारीख बघून घ्यावी. उदाहरणार्थ, २०२४चं झाडाचं वर्ष १० फेब्रुवारीला सुरू झालं. १ फेब्रुवारीला जन्मलेलं बाळ आधीच्या पाण्याच्या वर्षातलं धरतात.

पण या एका अंकावर माणसाची पारख करणं किती घातक ठरू शकतं, ते जपानने दाखवलंय. या पंचांगात प्रत्येक वर्षाला तत्त्वाबरोबर बारांपैकी एक प्राणीही असतो, आणि आग आणि घोडा यांचा योग ६० वर्षांनी एकदा येतो. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या मुळावर येते असा तिथे समज होता. १९६५ साली जपानमध्ये साधारण १८ लाख मुलं जन्मली. १९६६ हे आग-घोड्याचं वर्ष. त्या वर्षी आकडा जवळजवळ साडेतेरा लाखांवर आला, आणि १९६७ मध्ये १९ लाखांच्या वर गेला. एका समजुतीपायी लाखो घरांनी मूल होऊ देण्याचं टाळलं. मंगळ असलेल्या मुलीचं लग्न जमवताना आपल्याकडे काय होतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना याहून जास्त सांगायला नको. जन्मवर्षाचं तत्त्व गंमत म्हणून काढा. त्यावरून कोणाला नाकारू नका.

तिसरी पायरी: दोन आठवडे फक्त टिपणं

निवडलेल्या नात्याबद्दल रोज रात्री चार ओळी लिहा. त्या दिवशी दोघांत जे घडलं त्यातला एकच प्रसंग घ्या. कोण काय बोललं ते जसंच्या तसं लिहा आणि पुढे क्रियापद लिहा: वाढू पाहत होतं, उजळत होतं, सांभाळत होतं, छाटत होतं की खोल जात होतं. एक बाजू त्यांची, एक बाजू तुमची. शेवटी दोघांच्या मनात उरलेली भावना. तुमची नक्की माहीत असते. समोरच्याची अंदाजाने लिहिली असेल तर पुढे प्रश्नचिन्ह टाका.

या दोन आठवड्यांत अर्थ लावायचा नाही आणि समोरच्याला काही सुनवायचंही नाही. हा भाग कंटाळवाणा आहे, पण सगळ्यात गरजेचा. माझ्या वहीत आईच्या बाजूला चौदापैकी अकरा दिवस 'सांभाळत होती' आलं. माझ्या बाजूला मला वाटलं होतं 'सहन करत होते' असं काहीतरी येईल. प्रत्यक्षात आलं 'छाटत होते'. मी तिची वाक्यं अर्ध्यात कापत होते. हे कागदावर दिसेपर्यंत मला खरंच माहीत नव्हतं.

चौथी पायरी: स्वतःला मध्ये ठेवून पाच दिशा पाहा

चिनी जन्मपत्रिकेच्या परंपरेत, जिला 'बाझी' म्हणजे आठ अक्षरं म्हणतात, जन्मदिवसाचं तत्त्व 'मी' मानतात आणि बाकी सगळं त्या 'मी'च्या संदर्भात वाचतात. पत्रिका सोडून द्या, पण ही मांडणी मला पूर्ण पद्धतीतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. कोणतंही तत्त्व घ्या, त्याची इतरांशी पाचच नाती होतात: मला पोसणारा, मी ज्याला पोसते तो, मला आवरणारा, मी ज्याला आवरते तो, आणि माझ्यासारखाच असलेला. जुन्या पद्धतीत पोसणारी ती आई, आणि माझ्यासारखे ते भाऊ-बहीण आणि मित्र.

पुढे त्याच पद्धतीत पुरुषाने ज्याला आवरायचं ती बायको, आणि बाईला जो आवरतो तो नवरा, असंही धरलं आहे. ती त्या काळच्या घराची रचना होती. मी ती मानत नाही आणि तुम्हीही पत्रिकेवरून कोणी असं सांगितलं तर मानू नका. नवरा-बायकोत पाचही दिशा असतात आणि त्या दिवसागणिक बदलतात.

आता वहीत मध्ये 'मी' लिहून पाच बाण काढा आणि टिपणांच्या आधारे प्रत्येक बाणावर खूण करा. या नात्यात मला मिळतं किती? माझ्याकडून जातं किती? कोण कोणाला थांबवतं? बरोबरीने बसून आम्ही काही करतो का? कित्येकांच्या बाबतीत एकच बाण जाड होतो आणि उरलेले चार कोरे राहतात. घरातली मोठी बहीण, जी सगळ्यांना पुरवते आणि जिच्याकडे येणारा बाण कोराच असतो, ती तुम्ही पाहिली असेल. 'बरोबरी'चा बाण तर आपल्याकडे आई-वडील आणि मोठी झालेली मुलं यांच्यात बहुतेक वेळा कोराच सापडतो.

पाचवी पायरी: प्रमाण मोजा

इथे खरं गूढ आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

चक्रं पाठ झाली की वाटतं, पाणी आगीला विझवतं म्हणजे पाणीच जिंकणार. मो त्सू या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या परंपरेतल्या विचारवंतांनी हे फार पूर्वी खोडून काढलं. त्यांचं म्हणणं, पाचांपैकी कोणीच नेहमी जिंकत नाही. आग धातू वितळवते ती आग भरपूर असते म्हणून. धातूचा ढीग मोठा असेल तर कोळसेच संपतात. ओंजळभर पाण्याने वणवा विझत नाही.

बाझीच्या परंपरेत हेच सूत्र ओळींच्या माळेत गुंफलं आहे. मी त्यांच्यातल्या काही माझ्या शब्दांत देते. सावकाश वाचा आणि कोणती ओळ टोचते ते बघा.

पाण्यावर झाड जगतं, पण पाणी फार झालं तर झाड वाहून जातं. झाडावर आग पेटते, पण लाकडं फार कोंबली तर आग घुसमटते. आगीतून माती होते, पण आग फार झाली तर माती करपते. मातीतून धातू निघतो, पण माती फार झाली तर धातू पुरला जातो.

या ओळी घेणाऱ्याच्या बाजूने आहेत. देणाऱ्याच्या बाजूनेही तशाच आहेत. झाड आगीला पोसतं, पण आग भडकली तर झाडच जळून जातं. पाणी झाडाला पोसतं, पण रान मोठं असेल तर पाणी आटतं. आणि आवरणाऱ्याच्याही: धातू झाड कापतो, पण झाड चिवट असेल तर धारच बोथट होते. झाड मातीला भेदतं, पण माती दगडासारखी जड असेल तर मूळ मोडतं.

'अति तिथे माती' आपण सहज म्हणून जातो. इथे 'अति'चे वेगवेगळे चेहरे दाखवले आहेत, आणि चेहरा ओळखला तरच इलाज सुचतो. मुलाला प्रत्येक अडचणीतून आधीच सोडवणारे बाबा आणि मुलावर सतत ओरडणारे बाबा, दोघांची मुलं खचलेली दिसू शकतात. पहिलं झाड वाहून गेलेलं आहे, दुसरं छाटलं गेलेलं. पहिल्याला पाणी कमी करायला हवं, दुसऱ्याला पाणीच हवं.

वहीत आता एकच वाक्य पूर्ण करा: 'आमच्यात ... फार आहे, आणि त्यामुळे ... होतंय.' रिकाम्या जागी माणसाचं नाव येऊ देऊ नका, चालीचं नाव येऊ द्या. 'सासूबाई फार आहेत' असं नाही, 'माती फार आहे, आणि त्यामुळे माझं नवं काही रुजत नाही'. वाक्य असं लिहिताच समोरच्यावरचा राग थोडा सैल होतो, हा माझा अनुभव आहे.

सहावी पायरी: मधला पूल शोधा

दोन तत्त्वं एकमेकांना भिडली असतील तर चिनी पद्धत कोणा एकाला दाबत नाही. ती मध्ये तिसरं आणते. एकातून जन्मणारं आणि दुसऱ्याला पोसणारं. या उपायाला 'थुंगक्वान' म्हणतात, म्हणजे अडलेला नाका मोकळा करणं.

सासू-सुनेचं उदाहरण घेते. नवी सून आली, तिने डाळीचे डबे हलवले, मिक्सर ओट्यावर आणला, काही ठिकाणी वेगळ्या पद्धतीने स्वयंपाक सुरू केला. ती झाड आहे, तिला वाढायचंय. सासूबाईंनी तीस वर्षं हे स्वयंपाकघर जसं लावलं ती माती आहे. मुळं मातीत घुसतायत, मातीला भेगा पडतायत. दोघींमधला पूल कोणता? झाडातून आग, आगीतून माती. म्हणजे आग: कौतुक, हसणं, चारचौघांत उजळणं. सुनेने डबे परत जागेवर ठेवले तर झाड खुजं होईल. त्याऐवजी तिने पाहुण्यांसमोर 'हे सांबारं आईंच्या मसाल्याचं आहे, मला अजून तसं जमत नाही' असं मनापासून म्हणावं. मनापासून हा शब्द महत्त्वाचा आहे, खोटी आग मातीला ऊब देत नाही. दिवाळीचा फराळ दोघींनी मिळून करताना जे घडतं तेही हेच. काम तेच असतं, पण त्यात उत्सव असतो.

दुसरं उदाहरण, धातू आणि झाड. शिस्तीचे वडील आणि नोकरी सोडून स्वतःचं काही करू पाहणारी मुलगी. प्रत्येक जेवणात कुऱ्हाड चालते. धातूतून पाणी, पाण्यातून झाड, तेव्हा पूल पाण्याचा. पाणी म्हणजे ऐकणं आणि भीती बोलून दाखवणं. वडिलांनी 'तुझा हिशेब चुकतोय' म्हणण्याआधी स्वतः पंचविसाव्या वर्षी काय करायचं ठरवलं होतं आणि का सोडलं, ते एखाद्या रात्री सांगितलं, तर तोच कडकपणा अनुभव होऊन वाहू लागतो. मुलगीही हे सुरू करू शकते. 'बाबा, तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते?' एवढाच प्रश्न, आणि मग खरोखर गप्प बसणं. उत्तर यायला दहा मिनिटं लागली तरी.

पाणी आणि आग, म्हणजे मिटलेला नवरा आणि भरभरून बोलणारी बायको किंवा उलटं, यांच्यात झाड आणा: दोघांनी मिळून वाढवायची एखादी गोष्ट. गच्चीवरची बाग, एखादी नवी भाषा, ट्रेकची तयारी. समोरासमोर बसवून 'बोल ना काहीतरी' म्हणण्यापेक्षा शेजारी उभं राहून काम करताना पाणी जास्त बोलतं. आग आणि धातूत, म्हणजे उत्साही आणि काटेकोर सहकाऱ्यांत, माती उपयोगी पडते: एकत्र जेवण, ठरलेली वेळ, रोजचा चहा. माती आणि पाण्यात धातू लागतो, म्हणजे स्पष्ट मर्यादा. एक मायेने वेढणारा आणि दुसरा त्यामुळे आत आत जाणारा, अशा दोन माणसांत 'रविवारी नऊ वाजता बोलायचं' एवढा साधा नियम दोघांनाही मोकळं करतो.

पूल एकच निवडा, एकच कृती ठरवा आणि तीन आठवडे द्या. रोज नवा उपाय करून पाहिला तर कशाने फरक पडला ते कळत नाही. आणि पूल बांधायची सुरुवात तुम्हीच करायची आहे. समोरच्याला हा लेख वाचायला पाठवणं हा उपाय नव्हे, ती पुन्हा कुऱ्हाडच.

भावना फार चढली असेल तेव्हा

'ह्वांगदी नैजिंग' या चिनी वैद्यकाच्या पायाभूत ग्रंथात भावनांचंही आवरण-चक्र दिलं आहे. दुःख रागाला आवरतं, भीती अतिआनंदाला, राग विचारांच्या दळणाला, आनंद दुःखाला आणि विचार भीतीला.

यातला 'राग विचारांना आवरतो' हा भाग विचित्र वाटतो. त्यासाठी ह्वा थुओ या हान काळाच्या अखेरच्या प्रसिद्ध वैद्याची गोष्ट सांगतात. एक प्रांताधिकारी फार आजारी होता. याला जबरदस्त राग आला तरच बरा होईल असं ह्वा थुओने ठरवलं. त्याने भरपूर मोबदला घेतला, उपचार केलेच नाहीत, आणि शिव्यांनी भरलेलं पत्र ठेवून निघून गेला. अधिकारी संतापला, काळं रक्त ओकला आणि बरा झाला, असं त्याच्या चरित्रात लिहिलंय.

घरी हा प्रयोग करायचा नाही, हे सांगायला नको. पण त्यातून दोन गोष्टी मी रोज वापरते. समोरचा रागात असेल तर त्याच्याशी तर्काने भांडत नाही. रागाखाली काय दुखलंय ते विचारते, कारण दुःखाला वाट मिळाली की राग उतरतो. आणि समोरचा घाबरलेला असेल तर 'घाबरू नकोस' म्हणत नाही. कागद-पेन घेऊन उद्या सकाळपासून काय काय करायचं ते त्याच्याबरोबर लिहिते. विचार भीतीला बांध घालतो, जशी माती पाण्याला.

ही पद्धत कधी वापरू नये

मारहाण, धमक्या, पैशांची कोंडी, संशयाने घरात डांबणं, यांना तत्त्वांची भाषा लावू नका. 'त्याचा धातू प्रबळ आहे, मी पाणी व्हायला हवं' असं स्वतःला समजावणाऱ्या बाईला मी हात जोडून सांगेन की इथे पूल बांधायचा नसतो, बाहेर पडायचं असतं. आधी सुरक्षित जागा, विश्वासाचं माणूस, महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन. दीर्घकाळ टिकलेलं नैराश्य किंवा झोप उडवणारी चिंता असेल तर डॉक्टरकडे जा. वही नंतरही वाट पाहील.

माझ्या वहीतलं शेवटचं पान

आईच्या बाबतीत माझं वाक्य होतं: 'आमच्यात माती फार आहे, आणि त्यामुळे धातू पुरला जातोय.' पहिला विचार आला की माती कमी करायची, म्हणजे फोन उचलायचे नाहीत. तो मी आठवडाभर करून पाहिला आणि आईची काळजी दुप्पट झाली. मातीला दाबलं की ती आणखी घट्ट बसते.

मग बोटांवर मोजलं. मातीला सैल कोण करतं? झाड. म्हणजे आईच्या आयुष्यात वाढणारं काहीतरी हवं होतं, जे माझ्याभोवतीचं नसेल. तिला लहानपणी पेटी शिकायची होती, हे मला मावशीकडून माहीत होतं. मी शेजारच्या गल्लीतल्या संगीत वर्गाची चौकशी केली आणि पहिल्या दिवशी स्वतः तिला सोडायला गेले. ती दारातच म्हणाली, 'या वयात काय गं.' मी काही बोलले नाही, चपला काढून आधी आत जाऊन बसले.

चौथ्या महिन्यात तिचा दुपारचा फोन बंद झाला, कारण दुपारी सराव असायचा. आता रात्री मीच करते. परवा तिने उचलला नाही. पंधरा मिनिटांनी तिचाच आला. म्हणाली, 'भूप वाजवत होते, हात थांबेना. तू जेवलीस ना?'